बाद कोणी केले?

लाईट गेली की आमच्या गोव्यातला माणूस आधी फ्यूज तपासत नाही. तो बाहेर पायऱ्यांवर येतो, शेजारच्या घराकडे बघतो आणि आत ओरडतो, "सगळ्यांचीच गेली गो!" झाले. घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. वीज आलेली नसते, पण दोष आपल्या घरात नाही एवढे कळले की अंधार सुसह्य होतो. शेजारी दिवा दिसला तर मात्र त्याच माणसाचा चेहरा पडतो. मग मेणबत्ती, स्टूल, टेस्टर आणि "मागच्या वेळीही तूच इस्त्री लावली होतीस" इथपर्यंत गोष्ट जाते.

माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या तारांत गेली. तिथेही पहिला धडा हाच होता. फोन बंद अशी तक्रार आली की एक्स्चेंजमधल्या एमडीएफवर तो जोड सोडवायचा आणि बघायचे, दोष आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या. बाहेर असेल तर पिलर, मग डीपी, मग गिऱ्हाइकाचे घर. दोष कुठे नाही हे ठरवत ठरवत तो कुठे आहे तिथे पोचायचे. निवृत्तीनंतर हे ज्ञान कोणाच्या उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. पडले, आणि तेही सचिनला, मी कधी न खेळलेल्या एका खेळापायी.

सचिन म्हटले की मराठी माणसाला एकच सचिन आठवतो. हा दुसरा. सुरतेच्या दक्षिणेला पंधरा-सोळा किलोमीटरवर, मुंबईहून येणाऱ्या रेल्वेमार्गावर नवसारी आणि उधना यांच्या मधले हे स्टेशन. आज ते ओळखले जाते जीआयडीसीमुळे, म्हणजे आपल्या भाषेत औद्योगिक वसाहतीमुळे. कापडाच्या मिल, रंगाईचे कारखाने, लूम. पण एकेकाळी हे चक्क संस्थान होते. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातला गादीचा वारस, ज्याला बाळू मियां म्हणत, तो गादीला मुकला आणि पुण्याला पेशव्यांच्या आश्रयाला आला. पेशव्यांनी १७९१ च्या तहात जंजिऱ्यावरचा त्याचा हक्क आपल्याकडे घेतला आणि बदल्यात त्याला सुरतेजवळचा हा मुलूख दिला. जंजिरा पेशव्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. सचिन मात्र नबाबांकडे १९४८ पर्यंत राहिले. थोडक्यात, हे राज्यच मुळी एका खेळातून बाद झालेल्याला मिळालेले! असो.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर तिथे गेली. मेव्हणे रंगाईच्या एका मिलमध्ये डाइंग मास्टर आहेत. गेल्या मे महिन्यात मी दहा दिवस त्यांच्याकडे होतो. आठवीतला भाचा शाळेला सुटी असल्यामुळे संध्याकाळी टॅब घेऊन बसायचा आणि थोड्या थोड्या वेळाने आतून त्याची आरोळी यायची, "मामा, पुन्हा काढलं बाहेर!" खेळाचे नाव रोब्लॉक्स. खरे तर तो एक खेळ नव्हे, हजारो खेळांची जत्राच. कुणीही आपले दुकान मांडावे, कुणीही येऊन खेळावे. खेळ रंगात आला की पडद्यावर एक राखाडी चौकट येते, तीत इंग्रजीत दोन ओळी आणि एक आकडा, आणि खाली पुन्हा जोडण्याचे बटण.

"काय लिहिलं होतं रे त्यात?" मी विचारले.

"काय माहीत. नेट खराब आहे म्हणून असेल."

तो चौकट वाचतच नव्हता. बटण दाबून मोकळा व्हायचा. मेव्हण्यांचे म्हणणे निराळेच. "नेट खराब कसं? माझे व्हिडिओ तर छान चालतात. बंद झालं तर बरंच आहे की." बहीण काही बोलली नाही. हे तिचे न बोलणे मला तेव्हा जाणवले नाही, पण त्याकडे नंतर येतो.

मी भाच्याला एक वही दिली. बाहेर काढले की तीन गोष्टी लिहायच्या: वेळ, आकडा आणि त्या वेळी आपण काय करत होतो. आमच्या खात्यात याला फॉल्ट रजिस्टर म्हणत. पोराला आधी ते शाळेच्या गृहपाठासारखे वाटले, पण दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून रेघा मारून बसला. तीन संध्याकाळी झाल्या आणि वही बोलू लागली. बाहेर काढणारा एकच नव्हता. तीन होते.

सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा होता २७७. त्याचा अर्थ, खेळ चालवणाऱ्या सर्व्हरशी असलेला संबंध तुटला. हे कसे होते ते सांगताना मला आमची आजी आठवली. रात्री गोष्ट सांगताना ती मध्ये मध्ये थांबायची आणि आम्ही "हुं" म्हणायचे. हुंकार आला नाही की पोरे झोपली असे समजून ती गोष्ट आवरायची. सर्व्हर आणि टॅब यांच्यात असाच हुंकार सतत चालू असतो. काही सेकंद तो पोचला नाही की सर्व्हर समजतो, गडी गेला. त्याचा राग नसतो, शिक्षा तर नसतेच. मेव्हण्यांच्या व्हिडिओला हे जाचत नाही, कारण व्हिडिओ पुढचा काही भाग आधीच आणून साठवून ठेवतो. मध्ये चार-पाच सेकंद नळ आटला तरी पिंपातले पाणी पुरते. खेळाला पिंप नाही. समोरच्याने आत्ता काय केले ते आत्ताच कळले पाहिजे. म्हणून "व्हिडिओ चालतो, मग नेट चांगले" हे गणित खेळाला लागू पडत नाही.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सुरत ते मुंबई रेल्वेने साधारण २६० किलोमीटर, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला निव्वळ अंतरापोटी तीन मिलिसेकंदही नकोत. सिंगापूरला चार हजार किलोमीटर धरले तरी चाळीस. तेव्हा सर्व्हर दूर आहे म्हणून कोणी बाहेर फेकला जात नाही. अडते ते अंतरावर नव्हे, गर्दीवर.

आता एमडीएफ. बहिणीकडे तेव्हा तारेचे इंटरनेट नव्हते. सिमकार्ड घालायचा एक छोटा वायफायचा डबा होता. संगणकावरून आधी त्या डब्यालाच हाक मारून पाहिली, ज्याला पिंग म्हणतात ती. दोन-तीन मिलिसेकंदांत उत्तर. म्हणजे घरातला भाग स्वच्छ. मग बाहेरच्या जगाला हाक मारली. दुपारी ठीक, रात्री अकरानंतर तर उत्तमच. पण संध्याकाळी सातपासून सव्वाआठपर्यंत उत्तरे अडखळत येत, कित्येक हाका हरवूनच जात. वहीतले सगळे २७७ याच वेळात होते. मेव्हण्यांचे एक सहकारी दोन गल्ल्या पलीकडे राहतात, त्यांच्याकडे तारेचे कनेक्शन आहे. सातच्या सुमारास टॅब घेऊन तिथे जाऊन बसलो. एकदाही २७७ नाही. शेजारी दिवा होता तर!

मग सातला होते काय? ते बघायला गच्चीत गेलो. सुरतेकडे लूमची पाळी बारा तासांची. सातच्या सुमाराला पाळी बदलली की रस्ता माणसांनी फुलून जातो. खानदेशातले लोक असतात, बिहारचे असतात, आणि ओडिशाचे, विशेषतः गंजाम जिल्ह्याचे, फार मोठ्या संख्येने. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे हे कारीगर. जेवणाचा डबा एका हातात आणि दुसऱ्या हातात फोन, समोर धरलेला. चालता चालता घरच्यांशी बोलत असतात. कोणाच्या फोनमध्ये म्हातारी आई, कोणाच्या फोनमध्ये दात पडलेले पोर. बारा तास यंत्रांच्या खडखडाटात काढल्यामुळे बोलतातही मोठ्याने. हे सगळे फोन त्याच एका टॉवरला एकदम चिकटतात आणि आमच्या भाच्याचा हुंकार त्या गर्दीत हरवतो.

भाच्याला गच्चीत बोलावून दाखवले. तो बराच वेळ कठड्यावर हनुवटी टेकवून बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मला हे लोक बाहेर काढतात?" मी म्हटले, "काढत नाहीत रे. रस्ता एक आहे आणि सगळ्यांना एकाच वेळी घरी जायचंय."

यावर उपाय फारसा अवघड नव्हता. मेव्हण्यांनी जूनमध्ये तारेचे कनेक्शन घेतले. पण तेवढ्याने वही संपत नव्हती.

दुसरा आकडा २७८, तोही एकदाच. वीस मिनिटे काहीच हालचाल केली नाही म्हणून काढले. त्या दिवशी बहिणीने त्याला कोथिंबीर आणायला पिटाळले होते आणि तो खेळ तसाच उघडा ठेवून गेला. आमच्याकडे भजनी सप्ताहात टाळ हातात घेऊन डुलक्या काढणारे कितीतरी असतात. त्यांना कोणी देवळाबाहेर काढत नाही, शेजारचा कोपराने ढोसतो. यंत्राला कोपर नसते.

तिसऱ्याकडे वळण्याआधी मेव्हण्यांचा एक तर्क सांगायला हवा, कारण तो अगदीच टाकाऊ नव्हता. "सरकारने परत बंदी घातली असेल. पब्जीचं नाही का झालं?" गुजरातला याचा जुना अनुभव आहे. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पब्जी खेळायला मनाई केली आणि फोनवर खेळताना सापडलेल्या दहा जणांना पकडलेही. सुरत जिल्ह्यातही तशीच मनाई निघाली. आपण गोवेकरांनी हसू नये. त्याच वर्षी फेब्रुवारीत आमचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी या खेळाला घरोघरी शिरलेला राक्षस ठरवले होते. मांडवीत कॅसिनोची जहाजे झगमगत असताना राक्षस सापडला तो पोरांच्या फोनमध्ये!

पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाईल होते. ज्यांच्या फोनमध्ये ते आधीच होते ते काही आठवडे खेळत राहिले. ३० ऑक्टोबर २०२० ला मात्र भारतातल्या खेळाडूंसाठी सर्व्हरच बंद झाले. त्यानंतर फोन पुसून पुन्हा घाला, राउटर बंद-चालू करा, काही उपयोग नव्हता. तो बिघाड नव्हता, हुकूम होता. २ जुलै २०२१ ला तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया असे नाव घेऊन परत आला, जुलै २०२२ मध्ये दुकानातून पुन्हा उचलला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा ठेवला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट तो हवाच होता असे मी म्हणेन. पैसे लावणाऱ्यांची घरे बसलेली मी पाहिली आहेत.

माझे म्हणणे वेगळे आहे. बंदी आणि बिघाड हे दोन्ही खेळणाऱ्याला सारखेच दिसतात. एक चौकट, एक आकडा, आत घेत नाही. लगोऱ्या खेळताना आपण बाद झालो तर चेंडू पाठीत बसलेला असायचा, कोणी मारला तेही दिसायचे. भांडण करायचे तर ते कोणाशी, हे कळायचे. गोवा सरकारने फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई केली. हा नियम कोणाला पटो न पटो, निदान दारावरचा माणूस तोंडाने सांगतो की बाबा, तू गोव्याचा म्हणून तुला आत सोडत नाही. कारण कळले की माणूस आपली वाट बदलतो. कारण न कळलेला माणूस तेच बटण पन्नास वेळा दाबत बसतो.

रोब्लॉक्सवर बंदी आली नव्हती, हे शोधायला वेळ लागला नाही. भाच्याचे वर्गमित्र आपापल्या घरी खेळतच होते. आणि वहीतला तिसरा आकडा भलताच होता. २७३. रोज एकदाच, आणि रोज रात्री पावणेनऊच्या आसपास. गर्दी तर सव्वाआठलाच ओसरलेली असायची.

२७३ चा अर्थ असा की याच खात्यावरून दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या उपकरणावर खेळ उघडला आहे. एका तिकिटावर एकच माणूस. दुसरा आत आला की पहिला बाहेर.

"तुझा पासवर्ड कोणाला दिलायस?" मी भाच्याला विचारले.

"कोणाला नाही. देवाची शपथ."

"हे खातं पहिल्यांदा कुठल्या फोनवर उघडलं होतंस?"

तो उत्तर देण्याआधीच मी स्वयंपाकघराकडे पाहिले. बहीण भाकरी थापत होती. तिचा फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा होता आणि त्यात एक रंगीबेरंगी बाहुला उगाच जागच्या जागी डुलत होता.

"हाका मारून मारून घसा बसायचा रे दादा," ती हसत म्हणाली. "एकदा हा काय खेळतो ते बघायला म्हणून माझ्या फोनवर उघडलं, तर हा आतून ओरडला आणि दोन मिनिटांत पानावर येऊन बसला. मग काय! रोज पावणेनऊला मी कुठलाही एक खेळ उघडते. भांडण नाही, तंटा नाही."

मला तिच्या युक्तीचे कौतुक वाटले, खोटे कशाला बोलू? आमची आई शिरपुटी घेऊन मैदानावर यायची, त्यापेक्षा हे किती सभ्य! मेव्हणे तर खो खो हसले. हसला नाही तो फक्त भाचा. तो वही मिटून आतल्या खोलीत गेला आणि जेवायला आला नाही.

हा राग खेळ बुडाल्याचा नसावा एवढे मला कळले. मी जाऊन त्याच्याजवळ बसलो. बऱ्याच वेळाने तो बोलू लागला. समोरच्या चाळीत दोंडाईचाचे एक कुटुंब राहायचे. वडील लूमवर. त्यांचा मुलगा याच्याच वयाचा. दोघे बालवाडीपासून एकत्र. २०२० च्या टाळेबंदीत लूम थांबले तेव्हा ते कुटुंब गावी गेले ते परतले नाही. वडिलांनी तिकडेच काम धरले. वर्षभरापूर्वी कसा कोण जाणे, दोघांनी एकमेकांना या खेळात शोधून काढले. पण त्या मुलाकडे स्वतःचा फोन नाही. वडील कामावरून साडेआठला घरी येतात, मग त्यांचा फोन त्याला मिळतो. म्हणजे पावणेनऊपर्यंत पंधरा मिनिटे.

"बोलता काय तुम्ही?"

"बोलता येत नाही ना. उड्या मारतो."

दोन उड्या म्हणजे ये. तीन उड्या म्हणजे माझ्या मागे चल. गोल फिरणे म्हणजे हसणे. एका खेळात पाण्याकाठी लाकडी धक्का आहे, तिथे दोघे भेटायचे आणि मग खेळायचे फारसे काहीच नाही. धक्क्यावरून पाण्यात उड्या मारायच्या, पुन्हा वर यायचे. आणि रोज पावणेनऊला हा तिथून नाहीसा व्हायचा.

इथे मला आमच्या फॉल्ट रजिस्टरमधली उणीव कळली, आणि ती सगळ्याच रजिस्टरांत असते. ज्याला बाहेर काढले त्याला निदान चौकट दिसते, आकडा दिसतो. पलीकडच्याला काहीच दिसत नाही. त्याच्या दृष्टीने समोर उड्या मारणारा मित्र एकाएकी नाहीसा होतो, रोज, निरोप न घेता. दोंडाईचाच्या त्या पोराने काय समजायचे? त्याने समजायचे तेच समजले होते. मागचे दोन दिवस तो आलाच नव्हता.

मी बहिणीला बोलावून घेतले नाही. ती दारातच उभी होती, हात पिठाचे.

"मग मला सांगायचं नाही का रे?"

"तू विचारलंस कधी?"

कोणी कोणाची माफी वगैरे मागितली नाही, आमच्या घरांत ती पद्धत नाही. तिने त्याचे ताट वाढून आत आणून दिले, एवढेच. दुसऱ्या दिवसापासून नऊ वाजता तोंडाने हाक मारायची असे ठरले, आणि पहिल्या हाकेला उठायचे हे भाच्याने कबूल केले. तिने आपल्या फोनमधून ते खाते काढून टाकले. कसे काढायचे ते त्यानेच दाखवले.

त्या रात्री धक्क्यावर कोणी आले नाही. पुढच्या रात्रीही नाही. भाचा साडेआठपासून तिथे उभा असायचा आणि वीस मिनिटांचा नियम आता ठाऊक असल्यामुळे मध्येच एखादी उडी मारून सर्व्हरला जागे असल्याचे कळवायचा. मेव्हणे एकदा म्हणाले, "त्यांचा फोन नंबर कोणाकडे असेल का, मिलमध्ये विचारतो." दोंडाईचाकडचे दोघे-तिघे त्यांच्या हाताखाली आहेत.

नंबर मिळायच्या आधीच, माझ्या परतीच्या आदल्या दिवशी, आठ चाळीसला टॅबमधून पाण्यात पडल्याचा आवाज आला. भाचा ओरडला नाही. तो टॅबवर आणखी वाकला आणि त्याच्या बाहुल्याने दोन उड्या मारल्या. बहीण हात पुसत त्याच्या मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर सात-आठ बाहुले इकडून तिकडे धावत होते, सगळे तिला सारखेच दिसत होते.

"यातला आपला कोणता रे?" तिने विचारले. "आणि त्यांचा?"